गाडीचा शॉकअप निकामी झाल्यावर: अंगणात काय करावे, गॅरेजवर काय सोडावे

जुलै-ऑगस्टच्या पावसात जांबोटीहून कणकुंबीकडे जाणारा रस्ता ज्यांनी लहान गाडीने पार केला आहे, त्यांना मागच्या चाकाजवळून येणारा ‘टक-टक’ आवाज वर्णन करून सांगण्याची गरज नाही. खानापूर तालुक्यातील तांबडी माती आणि जांभ्याचे खडे, चिकोडी-अथणी पट्ट्यातील काळ्या मातीत खचलेल्या सडका, ऊस हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि गावागावांच्या तोंडाशी असलेले गतिरोधक, या सर्वांचा मार अखेर शॉकअपवर येतो. बेळगावच्या आसपासच्या गावांतून भाजीपाला आणि दूध घेऊन रोज गोव्याकडे उतरणाऱ्या पिकअप गाड्यांचे शॉकअप तर घरगुती गाड्यांच्या मानाने कितीतरी लवकर थकतात. त्यामुळे हा भाग बदलण्याचे काम आपल्याला यावे, निदान त्यातले किती काम आपले आणि किती गॅरेजचे हे कळावे, असे मला मनापासून वाटते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आजच्या बहुतेक मोटारींचा शॉकअप हा कायमचा बंद केलेला भाग असतो. तो उघडून, तेल भरून, पुन्हा बंद करणे हे घरचे काम नाही. घरची दुरुस्ती म्हणजे दोष नेमका कुठे आहे हे शोधणे, शॉकअपभोवतीची झिजलेली बुशे (सांध्यात बसणारी रबरी अस्तराची नळकांडी), रबरे आणि आवरणे बदलणे, आणि शॉकअप स्वतःच गेला असेल तर त्याच आसाचे दोन्ही शॉकअप जोडीने नवे बसवणे. एवढे काम नीट केले तरी गाडीची चाल बदलते.

आत काय चालते

शॉकअप या नावावरून धक्का तोच झेलतो असे वाटते, पण धक्का झेलण्याचे आणि गाडीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंगचे किंवा पाट्यांचे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) असते. स्प्रिंग एकदा दबली की ती उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते, आणि तिला आवरणारे कोणी नसेल तर गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यानंतरही होडीसारखी हेलकावत राहते. ही उसळी आवरण्याचे काम शॉकअप करतो. त्याच्या नळीत तेल असते आणि त्या तेलात दांड्याच्या टोकाला बसवलेला दट्ट्या वर-खाली सरकतो. दट्ट्यात बारीक भोके असतात आणि त्यांच्यावर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात, त्यामुळे तेलाला अरुंद वाटेने नेटाने जावे लागते आणि स्प्रिंगमधील ऊर्जा तेलाच्या उष्णतेत बदलून नळीवाटे हवेत निघून जाते. दांडा आत दाबताना विरोध कमी आणि बाहेर ओढताना जास्त अशी झडपांची रचना बहुतेक गाड्यांत असते, कारण दबलेल्या स्प्रिंगची उसळीच मुख्यतः आवरायची असते.

यातूनच तपासणीची एक सोपी खूण मिळते. खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून थांबल्यावर चांगल्या शॉकअपची नळी हाताला कोमट किंवा गरम लागते. एकाच आसाच्या दोन नळ्यांपैकी एक गरम आणि दुसरी गार असेल, तर गार नळीतील दट्ट्या काम करत नाही असा दाट संशय घ्यावा. हात लावण्यापूर्वी सायलेन्सरची नळी आणि ब्रेकचे ड्रम किंवा डिस्क यांपासून दूर राहावे, कारण त्यांचा चटका गंभीर असतो.

सध्याच्या शॉकअपचे दोन मुख्य प्रकार आहेत. साध्या गाड्यांत बहुधा दुहेरी नळीचा असतो: आतल्या नळीत दट्ट्या, बाहेरच्या नळीत राखीव तेल आणि वरच्या मोकळ्या जागेत कमी दाबाचा नायट्रोजन. एकेरी नळीच्या प्रकारात वायू एका तरंगत्या दट्ट्यामागे कोंडलेला असतो आणि त्याचा दाब साधारण २० ते ३० बार असतो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ ते २.५ बार हवा असते हे लक्षात घेतले, म्हणजे अशा नळीला छिद्र पाडणे किंवा आच देणे किती धोक्याचे आहे ते समजते.

नळी का उघडू नये

हा मुद्दा आपल्या भागात जरा विस्ताराने मांडावा लागतो, आणि त्याचे कारण चांगले आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेत फाउंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिकची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. ट्रॉलीच्या किंवा टिपरच्या सिलिंडरचे सील बदलून आणणे ही इथल्या शेतकऱ्याला नित्याची गोष्ट आहे. त्यामुळे सिलिंडरचे सील बदलता येते तर शॉकअपचे का बदलता येऊ नये, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

उत्तर रचनेत आहे. हायड्रॉलिक सिलिंडरचे तोंड आट्यांनी किंवा सर्कलिपने (खाचेत बसणाऱ्या पोलादी कडीने) बंद केलेले असते, म्हणजे ते उघडण्यासाठीच बनवलेले असते. मोटारीच्या शॉकअपच्या नळीची कड मात्र कारखान्यात आत वळवून किंवा वेल्ड करून कायमची मिटवलेली असते. ती कापली की सीलची बैठक, दांड्याचा मार्गदर्शक बुश आणि नळीची सरळ रेषा, सारे बिघडते. तेलही कोणते तरी चालत नाही. ठरावीक पातळपणाचे आणि तापल्यावर फेस न धरणारे तेल लागते, आणि त्याचे मापही मोजून ठरवलेले असते. वायू पुन्हा भरण्यासाठी वेगळे यंत्र लागते. नळीला भोक पाडून, पिचकारीने जाड तेल भरून वर वेल्डिंगचा ठिपका मारणारे कारागीर ठिकठिकाणी भेटतात. मीही एकदा असा भरलेला शॉकअप बसवून घेतला होता. पहिले चार दिवस गाडी कडक वाटली, तिसऱ्या आठवड्यात ठिपक्याच्या कडेने तेल झिरपू लागले, आणि मधल्या काळात मागचे चाक खड्ड्यावरून दगडासारखे आदळत होते, कारण जाड तेल झडपांतून वेळेवर जातच नव्हते. तेल राहिलेल्या बंद नळीवर वेल्डिंग करताना आतील वाफेचा भडका उडू शकतो, हा धोका वेगळाच.

अपवाद आहेत. मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कचे सील आणि तेल बदलणे हे नियमित देखभालीचेच काम आहे, आणि शर्यतीच्या गाड्यांसाठी आट्यांचे तोंड असलेले, पुन्हा बांधता येणारे शॉकअप मिळतात. रोजच्या वापरातील मोटारीला हा अपवाद लागू होत नाही.

आधी निदान, मग खरेदी

शॉकअप महाग असतो आणि आवाज मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी भागाचा निघतो, असे फार वेळा घडते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी अर्धा तास तपासणीला द्यावा. गाडी धुऊन, वाळवून, सपाट जागी उभी करावी आणि टायरमधील हवा बरोबर आहे याची खात्री करावी.

सर्वांना माहीत असलेली परीक्षा म्हणजे गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबून सोडणे. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा हलत राहिली तर शॉकअप थकला आहे. ही परीक्षा मोठा दोष पकडते, अर्धवट थकलेला शॉकअप मात्र तिच्यात सहज उत्तीर्ण होतो. त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये.

त्यापेक्षा डोळ्यांनी केलेली तपासणी भरवशाची आहे. विजेरी (टॉर्च) घेऊन चाकामागे वाकून नळी पाहावी. नळीच्या वरच्या भागावर धूळ धरलेला तेलाचा हलका ओलसर थर असणे स्वाभाविक आहे, कारण दांडा प्रत्येक फेरीत तेलाची अतिसूक्ष्म फिल्म बाहेर आणतो. पण वरून खालपर्यंत ओघळ आले असतील, त्यावर तांबड्या मातीचा चिकट लेप बसला असेल आणि तो पुसल्यानंतर दोन दिवसांत नळी पुन्हा ओली झाली असेल, तर सील गेले. खानापूर रस्त्यावरच्या एका वयस्क कानडी मिस्त्रींना मी पहिल्यांदा हे करताना पाहिले. त्यांनी नळीवर तर्जनी वरून खाली फिरवली, बोटाच्या टोकावर जमलेला तांबूस-काळा लगदा अंगठ्याने चोळला, त्यात माती किती आणि तेल किती ते पाहिले आणि एवढेच म्हणाले, “एण्णी होगैत्री”, म्हणजे तेल गेलंय. माती ओली की तेल ओले, हा फरक बोटालाच कळतो. पावसाळ्यात तर तो पाहिल्याशिवाय निर्णय घेऊच नये.

पुढे दांड्यावरील रबरी आवरण पाहावे. ते फाटले असेल तर जांभ्याची बारीक रेती दांड्यावर बसते आणि प्रत्येक फेरीत सील घासून काढते. आमच्या पश्चिमेकडच्या भागात शॉकअप अकाली जाण्याचे हेच मोठे कारण आहे, आणि ते आवरण शॉकअपच्या मानाने अगदी स्वस्त असते. दांड्याच्या चकचकीत मुलाम्यावर गंजाचे खड्डे किंवा ओरखडे दिसले, तर नवे आवरण घालून उपयोग नाही. तो दांडा सील कापतच राहणार.

मग दोन्ही टोकांची बुशे. एका माणसाने गाडी हलवावी आणि दुसऱ्याने शॉकअपच्या डोळ्याजवळ, म्हणजे बोल्ट जातो त्या टोकाच्या कड्याजवळ, बोट ठेवावे, मात्र बोट सांध्याच्या फटीत जाऊ देऊ नये. बुशात खेळ असेल तर ‘टक’ बोटाला जाणवते. लहान खड्ड्यांवर येणारा कोरडा आवाज बहुतेक वेळा या बुशाचा किंवा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंकचा असतो आणि शॉकअप पूर्ण चांगला असतो. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तळहात फिरवून पाहावा: थोड्याथोड्या अंतरावर खोलगट चट्टे लागत असतील, तर ते चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत फिरले आहे, आणि हा शॉकअप थकल्याचा जुना, खात्रीचा पुरावा आहे. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक फार खाली जाणे आणि वळणावर मागची बाजू तरंगल्यासारखी वाटणे, या चालवतानाच्या खुणा आहेत.

साधारण शिफारस अशी असते की दर २०,००० किलोमीटरला शॉकअप तपासावा आणि ८०,००० किलोमीटरच्या आसपास तो बदलण्याचा विचार करावा. आपल्याकडचे रस्ते आणि गुळाच्या ढेपा किंवा भाताची पोती भरून फिरण्याची सवय पाहता दुसरा आकडा मी सुरक्षित मर्यादा मानत नाही.

सामान आणि जागा

शॉकअप विकत घेताना गाडीचे नाव आणि साल सांगून भागत नाही. आरसी किंवा चासी क्रमांक दाखवून भाग क्रमांक जुळवावा, कारण एकाच गाडीच्या डिझेल आणि पेट्रोल रूपांतही फरक असू शकतो. जोडी घ्यावी. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअप असेल, तर ओल्या वळणावर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला झुकते. सोबत वरची रबरे, बंप स्टॉप (चाक फार वर आल्यावर आदळ झेलणारे रबर), आवरण आणि लॉकनट नवे घ्यावेत. वेष्टनावरील भाग क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि एमआरपीची छपाई तपासून पक्के बिल घ्यावे.

हत्यारांत एक भक्कम हायड्रॉलिक जॅक, दुसरा छोटा जॅक, किमान २ टनांच्या दोन घोड्या (उचललेल्या गाडीला खालून आधार देणारे लोखंडी स्टँड), लाकडी ठोकळे, व्हीलपाना, रिंग पाने आणि सॉकेट (१४, १७ आणि १९ मिलिमीटर बहुधा लागतात), लांब दांड्याचा पाना, ॲलन की, टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला हे मोजणारा पाना), तारेचा ब्रश, गंज सैल करणारे तेल, हातोडा, पितळी पंच, चष्मा आणि हातमोजे एवढे असावे. गाडीसोबत मिळणारा स्क्रू जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, आणि डोके तर कधीच नाही.

जागेबाबत मी फार आग्रही आहे. सारवलेले अंगण किंवा पावसाने भिजलेली तांबडी जमीन कितीही घट्ट वाटली तरी घोडीचे पाय तिच्यात हळूहळू रुततात आणि गाडी एका बाजूला कलते. सिमेंटची सपाट जागा नसेल तर घोडीखाली दोन इंच जाडीची रुंद सागवानी किंवा तत्सम टणक फळी द्यावी. विटा आणि जांभ्याचे चिरे आधाराला वापरू नयेत. ते आधी काही न सांगता फुटतात.

मागचा शॉकअप, पायरीपायरीने

ज्या गाड्यांत मागचा शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा असतो, त्यांच्यावर हे काम घरी करता येते. मारुती अल्टोसारख्या लहान गाड्या आणि पाट्यांच्या पिकअप याच गटात येतात. स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असेल तर ते काम पुढे सांगितलेल्या स्ट्रटच्या नियमाने करावे.

आदल्या संध्याकाळी खालच्या बोल्टचे आणि वरच्या नटाचे आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सैल करणारे तेल मारावे आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा मारावे. दुसऱ्या दिवशीचे निम्मे श्रम यामुळे वाचतात. अडकलेल्या बोल्टला गॅसची आच देण्याचा मोह टाळावा: शेजारी रबर आहे, आत वायू आहे आणि मागच्या भागात इंधनाची टाकी आहे.

सकाळी गाडी सपाट जागी आणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत. मागची चाके उचलल्यावर हँडब्रेकचा उपयोग संपतो, कारण तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो. पुढची चाके ओढणारी गाडी असेल तर ती पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. मागची चाके ओढणाऱ्या पिकअपमध्ये गिअरचाही आधार नसतो, तिथे सारी भिस्त ठोकळ्यांवर असते. चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत, मग गाडी उचलून पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच घोड्या लावाव्यात आणि गाडी त्यांवर टेकवून हाताने जोराने हलवून पाहावी. हलली तर घोड्या पुन्हा लावाव्यात. चाके काढून गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवून ठेवली, तर घोडी निसटलीच तरी गाडी त्यांच्यावर अडते.

आता या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी. दुसरा जॅक आसाखाली, शॉकअपच्या खालच्या बोल्टजवळ लावून आसाला नुसता टेकवावा, जोराने उचलू नये. अनेक गाड्यांत आस किती खाली लोंबावा याची मर्यादा शॉकअपच राखतो. तो सोडला की आस एकदम खाली येतो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि स्प्रिंग जागेवरून निसटते. त्याच कारणाने एका वेळी एकाच बाजूचा शॉकअप काढावा. दुसरी बाजू आधारालाही राहते आणि वायसर-रबरांचा क्रम विसरल्यास नमुना म्हणूनही.

वरचा नट बऱ्याच गाड्यांत डिकीच्या बाजूच्या आवरणाखाली, रबरी टोपीआड असतो. तो फिरवताना दांडाही सोबत फिरू लागतो. दांड्याच्या टोकाला ॲलन कीची खाच किंवा चपटी बाजू दिलेली असते, ती धरून नट सोडावा. फक्त चकचकीत दांड्याला पक्कड कधीही लावू नये, अगदी जुना शॉकअप असला तरी, कारण ही सवय नव्यावरही तशीच वळते आणि पक्कडीचा एक दात नव्या सीलचे आयुष्य संपवतो. नट निघाल्यावर वायसर, रबर, नळकांडे ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडून मोबाइलवर फोटो घ्यावा. वाटीसारख्या वायसरची खोलगट बाजू कुठे होती हेही त्यात दिसू द्यावे.

खालचा बोल्ट सोडताना आधी पाना किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडण्याच्या. बोल्ट बुशाच्या पोलादी नळकांड्यात गंजून बसला असेल तर नट आट्यांच्या टोकापर्यंत ठेवून त्यावर पितळी पंचाने ठोकावे, म्हणजे आट्यांचे तोंड पसरत नाही. आसाखालचा जॅक केसभर वर-खाली केल्यास बोल्टवरचा ताण जातो आणि तो हाताने निघतो. घाईने मोठा हातोडा मारण्यापेक्षा ही युक्ती शंभर पटींनी चांगली आहे.

निघालेला शॉकअप उभा धरून दांडा हळू दाबावा आणि ओढावा. मध्येच विरोध नाहीसा होऊन दांडा मोकळा सरकला तर तेल कमी झाले आहे. अडकत, घासत चालला आणि फिरवताना डोलला तर दांडा वाकला आहे, आणि असा दांडा बहुधा खोल खड्ड्यातला एखादा मोठा आदळ सांगतो. तसे असेल तर आसाची बैठक आणि रिमची कडही तपासावी.

नवा शॉकअप जुन्याशेजारी ठेवून लांबी, दांड्याची जाडी, डोळ्याची रुंदी आणि आट्यांचे माप जुळवावे. मग दुहेरी नळीचा असल्यास तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण ओढावा. दुकानात आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत वायूचे बुडबुडे गेलेले असतात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत दांडा मध्येच मऊ लागतो आणि नंतर विरोध सर्वत्र सारखा होतो. तो सारखा झाल्यावर शॉकअप आडवा न ठेवता लगेच बसवावा. वायूचा असल्यास दांडा दाबून धरणारी पट्टी कापताच दांडा आपणहून बाहेर येतो, तेव्हा तोंड त्याच्या समोर नसावे.

बसवताना आधी बंप स्टॉप आणि आवरण चढवावे, वरचे टोक जागेवर घालून नट हातानेच लावावा, मग आस जॅकने उचलून खालची भोके समोरासमोर आणावीत आणि बोल्ट घालून तोही हातानेच लावावा. रबरात बसवताना अडले तर साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा इंजिन तेल लावू नये, त्याने साधे रबर फुगून मऊ पडते.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगितलीच पाहिजे. पहिल्या वेळी मी आस खाली लोंबत असतानाच खालचा बोल्ट पूर्ण आवळला. गणपतीच्या आधी केलेले काम, आणि दिवाळीपर्यंत दोन्ही बाजूंची नवी बुशे चिरली. कारण असे की बोल्ट आवळला की बुशाचे आतले नळकांडे जागच्या जागी जखडते आणि रबर त्या स्थितीला ‘सरळ’ मानते. गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळले जाते. म्हणून डोळ्याच्या बुशांचे बोल्ट गाडीचा भार स्प्रिंगवर आल्यावरच अखेरचे आवळावेत. घोड्या जागेवरच राहू देऊन आस जॅकने इतका उचलावा की गाडी घोडीवरून सुटण्याच्या बेतात येईल, आणि त्या स्थितीत टॉर्क रेंचने आवळावे. किती आवळायचे तो आकडा आपल्याच गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्यावा, दुसऱ्या गाडीचा वापरू नये. वरच्या रबराच्या टोकाला, पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर, रबर फुगून वायसरच्या कडेशी येईपर्यंत आवळणे पुरेसे असते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक गनने हा नट मारू नये, कारण दांडा आत गरगर फिरून झडपांच्या चकत्यांवर भार येतो.

दुसरी बाजूही याच रीतीने झाल्यावर चाके बसवून, गाडी खाली घेऊन, चाकांचे नट ताऱ्याच्या आकाराच्या क्रमाने आवळावेत. लहान मोटारींना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा पुन्हा पुस्तिकेचाच.

पुढचा स्ट्रट: अर्धे काम घरी, अर्धे गॅरेजमध्ये

पुढच्या बाजूला बहुतेक मोटारींत मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप, स्प्रिंग आणि वरची बेअरिंगची माउंट एकाच जोडणीत. इथे माझा सल्ला कडक आहे. बॉनेट उघडल्यावर माउंटच्या मध्यभागी जो मोठा नट दिसतो, तो गाडीवर असताना किंवा खाली काढल्यावरही स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय कधीही सोडू नये. त्या नटाने शेकडो किलोच्या ताकदीने दबलेली स्प्रिंग कोंडून ठेवलेली असते आणि ती सुटली तर माणसाचा जबडा किंवा हात वाचत नाही. भाड्याने मिळणारे दोन हुकांचे हलके स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारी हत्यारे) गंजलेल्या स्प्रिंगवरून घसरतात. दोरी किंवा तारेने स्प्रिंग बांधण्याचा विचारही करू नये.

घरी करण्याजोगा भाग असा: चाक काढून ब्रेकच्या नळीची क्लिप आणि एबीएसची तार स्ट्रटवरून सोडवावी, स्टॅबिलायझरची लिंक सुटी करावी, आणि नकलला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) जोडणाऱ्या दोन बोल्टांची जागा काढण्यापूर्वी रंगाच्या किंवा खिळ्याच्या खुणेने आखून घ्यावी. बोल्ट निघाल्यावर नकल बाहेर कलतो आणि ब्रेकची नळी व ड्राइव्ह शाफ्टचा सांधा ओढला जातो, म्हणून तो तारेने स्प्रिंगच्या वरच्या बाजूच्या चौकटीला बांधून ठेवावा. शेवटी स्ट्रट खालून एका हाताने पेलत माउंटचे कडेचे नट सोडावेत, मधला नव्हे. संपूर्ण स्ट्रट पोत्यात गुंडाळून भिंतीवर बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्यावा, तिथे नवा शॉकअप, माउंट आणि बेअरिंग घालून घ्यावे आणि घरी आणून उलट क्रमाने बसवावे. डाव्या-उजव्या बाजूचे स्ट्रट अदलाबदल होऊ देऊ नयेत; ब्रेकच्या नळीच्या कंसाची दिशा वेगळी असते. खुणा कितीही काळजीने जुळवल्या तरी त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच लागते.

रस्त्यावर आणण्यापूर्वी आणि नंतर

पहिली फेरी गावातल्याच रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, कमी वेगात घ्यावी. गतिरोधकावरून जाताना खिडक्या उघड्या ठेवून ऐकावे. नवा आवाज आला तर बहुधा वरचा नट सैल आहे किंवा वायसर उलटा बसला आहे. ब्रेकची नळी चाक पूर्ण वळवल्यावर कुठे घासत नाही हे पाहावे. शंभर किलोमीटरनंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत आणि शॉकअपची नळी कोरड्या फडक्याने पुसून ठेवावी, म्हणजे पुढच्या आठवड्यात ती ओली आहे का हे लगेच कळते.

जुने शॉकअप भंगारात देताना ते तेलाचे आणि वायूचे आहेत हे भंगारवाल्याला स्पष्ट सांगावे आणि ते आगीत टाकू नयेत, कापू नयेत अशी ताकीद द्यावी. शक्य असल्यास नवे बसवून देणाऱ्या गॅरेजकडेच सोपवावेत. गळणारा शॉकअप बांधावर किंवा विहिरीकडेला टाकून ठेवू नये. मलप्रभा नदीचा उगम कणकुंबीत आहे, आणि आपल्या अंगणातले पावसाचे पाणी ज्या ओहोळाला मिळते त्याच ओहोळात ते तेलही उतरते. गळती थांबेपर्यंत तो जुन्या पत्र्याच्या डब्यात उभा ठेवावा आणि साठलेले तेल वापरलेल्या इंजिन तेलासोबत द्यावे.